खांद्यावरचा हात

रविवार, संध्याकाळ

...आणि हो, तुला म्हणून लिहितो, कात्री माझ्याच हातात होती, ताईची काही चूक नाही. सिंधीपुऱ्यातल्या आमच्या क्लासमध्ये प्रत्येकाने आपल्या आयडॉलचा चार्ट लावायचाय, आणि उद्या घरचे बघायला येणार. मी परदेशातले एक अँबॅसेडर, म्हणजे राजदूत, घेतले, ज्यांनी नोकरीत असतानाच ‘मी गे आहे’ असं उघड सांगितलं. कितीतरी वर्षं प्रमोशन अडलं, तरी अँबॅसेडर म्हणून शपथ घेताना जोडीदाराला शेजारी उभं केलं. तेव्हाचाच फोटो मी छापून आणला.

ताई म्हणाली, "अरे पागल, पप्पा येणार ना उद्या! या अँबॅसेडरची पोस्टिंग सांग, काम सांग. त्यांच्या घरचं कशाला?"

"तेच तर मेन आहे, ताई."

"मग पप्पा विचारतील, तुलाच हे का सुचलं. काय सांगशील?"

उत्तर आहे माझ्याकडे, पण ते अजून ताईलाही माहीत नाही.

मग मी फोटो कापला. जोडीदार गेला, पण अँबॅसेडरच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिला. तो हात आता कोणाचाच वाटत नाही. प्रमोशन अडलं तरी त्यांनी जे लपवलं नाही, ते मी पाच मिनिटांत लपवलं.

बॅगेत दुसरी प्रिंट आहे, अख्खी. पप्पांसमोर तू कोणती लावली असतीस?