चिमण्यांची वाटी

मार्सेय, फ्रान्स

मूल्दी, माझ्या भावा, थोरल्या बहिणीचा सलाम घे.

गुडघा बरा आहे. लेक मला जिना चढू देत नाही, एवढंच. शेळी व्याली का?

तुझं पत्र मी स्वतःच वाचलं, दोनदा. ईदच्या आधी गावच्या कब्रस्तानातलं गवत काढून तुझ्या मेहुण्यांच्या, आमच्या हादींच्या कबरीला चुना दिलास, अल्ला तुझं भलं करो. पण कबरीवर कोरलेली पाण्याची वाटी, तू लिहितोस, ‘आत पाणी मुरतं म्हणून सिमेंटनं बुजवली.’ अरे शहाण्या, ती चिमण्यांसाठी होती! दर शुक्रवारी मी भरायचे.

ती पुन्हा कोरून घे. शेजारची माझी जागाही राख. डॉक्टर प्रवासाचं काही बोलत नाहीत. मी येईन तोवर हादींकडे चिमण्या तरी येऊ देत.

तुझीच,
महर्झिया