मूर्तीचं वाकडं बोट

प्रिय ताई,

तू विचारलंस, "तू एकटा पडला असशील तर सांग, कॉन्व्हेंटमधली अंतिम व्रतं घ्यायच्या आधीच घरी परत येते." उत्तर त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, एका शब्दाचं. पण ते पोस्टात टाकायच्या आधी आमच्या मूर्तींच्या कारखान्यात एक गोष्ट घडली. ती आधी सांगतो, म्हणजे उत्तर नीट कळेल.

घरी सगळं ठीक आहे. तुझी खाट भिंतीशी आहे तशीच आहे. दर रविवारी चादर झटकतो, घडी घालतो आणि मग वाटतं, हे कुणासाठी चाललंय? स्वयंपाक अजून दोघांचाच होतो, हाताला मापच ते बसलंय. संध्याकाळी कुलूप उघडताना मी खोकतो. आत कुणी नाही हे पक्कं माहीत असतं, तरी खोकतो.

तर कारखान्यात एका शाळेतली मूर्ती दुरुस्तीला आली. तुझीच ती संत बाई. पाय गेल्यावर वर्षानुवर्षं खाटेवर पडून गावातल्या पोरांना शिकवणारी. आई गेल्यावर माझी शाळा सुटली, तेव्हा मला वाचायला बसवून तू तिचीच गोष्ट सांगायचीस. मी विचारलं होतं, "तिला भाऊ नव्हता का?" तू हसलीस आणि म्हणालीस, "पुढची ओळ वाच, गधड्या."

त्या शाळेत पद्धत आहे, परीक्षेला बसण्याआधी मुली या मूर्तीचं बोट धरतात. धरून धरून ते झिजलं आणि एक दिवस गळूनच पडलं. नवीन करायचं काम माझ्याकडे आलं. तार वळवली, प्लास्टर चढवलं, घासलं, रंग दिला, पुन्हा पुन्हा तपासलं. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. मग आमचे चष्मेवाले मिस्त्री आले, मान तिरपी करून बघितलं आणि म्हणाले, "काय रे, संत बाईंचं बोट दारात चेंगरलं होतं की काय?" सगळे खो खो हसले. मी पाहिलं, तर बोट वरच्या पेरात वाकडं. ताई, ते तुझं बोट होतं. लहानपणी दारात चेंगरलेलं. वाचताना तू तेच बोट ओळीखालून फिरवायचीस आणि त्याचं वळलेलं टोक पुढचं अक्षर झाकायचं. त्यामुळे अंदाजाने वाचायची मला सोयच नव्हती. बोट सरकलं की मगच पुढचं अक्षर. लोक म्हणतात, शाळा अर्धवट सोडून हा इतकं शुद्ध कसं लिहितो. त्यांना काय सांगू?

मिस्त्री म्हणाले, तोड आणि परत कर. पण शाळेची गाडी दारात येऊन उभी होती. मुख्य सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी परीक्षा आहे हो, राहू द्या तसंच." मला चैन पडेना. सोमवारी सकाळीच पिशवीत पटाशी आणि प्लास्टर घेऊन शाळेत गेलो. पण मुलींची रांग आधीच लागली होती. मी दारातच थांबलो.

सरळ बोट हातातून निसटत असणार. हे वाकडं बोट मात्र मुठीत बरोबर अडकून बसत होतं. एक चिमुरडी सोडेचना. मागची ओरडली, "ए चिकटू, सोड की! आम्हाला नापास करतेस का?" तर ती म्हणते, "थांब ना, तिनंच मला धरलंय."

ताई, मी पिशवी उघडलीच नाही. त्या बाईला भाऊ असलाच, तर तोही असाच कधीतरी दारात उभा राहिला असेल. आत न जाता.

मी लिहून ठेवलेला शब्द होता, 'ये'. तो कागद फाडून टाकला आणि हे पत्र लिहायला बसलो. तू येऊ नकोस. व्रतं घे. मी एकटा पडलोय हे खरं आहे, खोटं कशाला लिहू? पण ते बोट माझ्या एकट्याचं नाही. व्रतांच्या दिवशी शर्टाला इस्त्री करून मी येईन, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसेन. सगळं झालं, तू शिकवतेस त्या वर्गातल्या मुली तुला भेटून गेल्या, की एकदा ते बोट माझ्या हातात दे. मी रांगेत सगळ्यांच्या मागे उभा राहीन.

अजूनही एकेक अक्षर बघून लिहिणारा,
तुझाच धाकटा