सबीहा मॅडमच्या निकाहची पत्रिका

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून इंग्रजी. साधं नाही, ॲडव्हान्स्ड. साधं मला येतंच. इतकी वर्षं लग्नपत्रिका छापतोय, निम्म्या तरी इंग्रजीत. अमरावतीत छापणारे पुष्कळ, पण सगळ्यांचं तेच 'कॉर्डियली' आणि तेच 'रिक्वेस्ट'. पुढे जायचं तर शब्द वजनदार हवेत. कॅम्पातल्या एका क्लासला नाव घातलं. सीमाला सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "मराठी पत्रिकेतल्या वेलांट्या तं आधी पाहा." बायकोला व्हिजन नाही.

४ नोव्हेंबर
शिकवायला सबीहा मॅडम. इतवाऱ्यातल्या प्लायवूडवाल्या ताहेरभाईंची मुलगी. माझ्या दुकानासमोरून दप्तर घेऊन जायची. आता मी बाकावर आणि ती फळ्यापाशी. टेस्ट घेतली. पेपर पाहून बेसिक बॅच सुचवली. मी समजावलं की पेपर माझ्या लेव्हलचा नव्हता. शेवटी ॲडव्हान्स्डमध्ये बसू दिलं.

७ नोव्हेंबर
मॅडम म्हणतात, शब्द एकटा उचलू नका. तो कोणाच्या सोबतीनं येतो ते वाचत जा. रोज तीन शब्द पुरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी रोज चाळीस ठरवले. एकेकाची सोबत पाहत बसलो तर जन्म जाईल. समानार्थी शब्दांची जाडजूड डिक्शनरी आणली.

१० नोव्हेंबर
आज जमलं नाही. थंडी. उद्या ऐंशी.

११ नोव्हेंबर
ऐंशी झाले नाहीत. पण एकच असा सापडला की बाकीच्यांची भरपाई झाली. परफंक्टरी. अर्थ पाहायची गरजच नाही. परफेक्ट आणि फंक्शन, दोन्ही एकात. दुकानाला नवा बोर्ड करायला टाकला: सर्व कार्यक्रमांची परफंक्टरी छपाई.

१५ नोव्हेंबर
बोर्ड लागला. सीमानं मोबाईलवर शब्द पाहिला. म्हणे, "याचा अर्थ पाट्या टाकून केलेलं काम. हे तुमी सोताच लिवून लावलं?" मोबाईलवरची डिक्शनरी फुकटातली असते. तरी तूर्त त्या शब्दावर झेंडूचं तोरण सोडलंय. सणासुदीचं वाटतं.

१९ नोव्हेंबर
ताहेरभाई दुकानात. सबीहा मॅडमचा निकाह ठरला. मुलगा अकोल्याचा, तारीख २८ डिसेंबर. पत्रिका उर्दू, मराठी आणि इंग्रजीत, तिन्ही वेगवेगळ्या. म्हणाले, "इंग्रजी पोरीनंच लिवून देल्लं. तुमी फक्त छापा, अंकुरभाऊ." संध्याकाळी मॅडमनी येऊन प्रूफ तपासलं, सही केली. मजकूर वाचून मलाच वाईट वाटलं. इतकी शिकलेली मुलगी, आणि स्वतःच्या लग्नात नुसतं 'वेडिंग सेरेमनी'.

२२ नोव्हेंबर, दुपार
ठरलं. गुरुदक्षिणा द्यायची. डिक्शनरीत 'सेरेमनी'च्या पानावर विधी-संस्कारांच्या रांगेत एक भारदस्त शब्द उभा होता. ऑब्सिक्वीज. तोच घेतला. 'कॉर्डियली' काढून 'वेहिमंटली' घातलं, जोर येतो. सीमा विचारत होती, सही झालेल्या प्रूफाले हात काहून लावून राहिले. व्हॅल्यू ॲडिशन, म्हटलं. मॅडमना सांगितलं नाही. सरप्राइज.

२५ नोव्हेंबर
पत्रिका दिल्या. ताहेरभाईंनी गठ्ठे न उघडताच गाडीत टाकले आणि तसेच पाहुण्यांकडे रवाना करायला निघाले. याला विश्वास म्हणतात.

२ डिसेंबर
क्लासला मॅडम नाहीत. लग्नाची गडबड असणार.

३ डिसेंबर
बापलेक दोघं दुकानात आले. इंग्रजी पत्रिका हैदराबादला मॅडमच्या फुफांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला मिळाली. फुफा फोनवर आधी रडले, मग विचारलं, मयत कोणाची झाली. ऑब्सिक्वीज म्हणजे मयतीचे संस्कार म्हणे. वेहिमंटली म्हणजे तावातावानं. थोडक्यात, आम्ही अख्ख्या खानदानाला तावातावानं मयतीला बोलावलं.
ताहेरभाईंनी पत्रिका टेबलावर ठेवून हातानं सपाट केली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "एकच पोरगी हाय माही, अंकुरभाऊ. तिच्या सासरी हा कागद गेला."
मी डिक्शनरी काढून दाखवली, चूक या पुस्तकाची आहे म्हणून. मॅडमनी त्याच पानावर, त्याच शब्दापुढे बारीक अक्षरात छापलेलं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "काका, मी सांगितलं होतं, शब्द कोणासोबत येतो ते पाहा. हा कफनासोबत येतो."
अक्षर फारच बारीक होतं. दुपारी जेवलो नाही.

४ डिसेंबर
सगळं परत छापलं. प्रूफ सीमानं वाचलं, दोनदा. 'वेडिंग सेरेमनी'. दिसायला बरं दिसतं, हे मान्य करतो.

६ डिसेंबर
एसटीनं अकोला. मॅडमच्या सासरी आणि त्यांच्या नातेवाइकांकडे घरोघर जाऊन पत्रिका बदलून दिल्या. पाय दुखतायत. सगळ्यांनी सरबत पाजलं. नवरदेवाच्या आई माणिकबाई… नाही, त्या शेजारीण. चहा-सरबतात नावांचा गोंधळ झाला. आई म्हणजे हमिदाबी. त्यांनी नवी पत्रिका घेतली पण जुनी परत देईनात. म्हणाल्या, "राहू द्या. सून रुसली तर दाखवाले कामी येईन, हासन तरी." म्हणजे माझ्या शैलीला अकोल्यात मागणी आहे.
ताहेरभाईंना फोन करून हे सांगितलं. ते हसले. मला एसटी स्टँडवर एकदम बसावंसं वाटलं. बसलो.

२८ डिसेंबर, रविवार
निकाह झाला. ताहेरभाईंनी मला मिठी मारली आणि पाहुण्यांना सांगत सुटले, "हे तेच, पत्रिकावाले." लोक हात मिळवायला येत होते. फुफांनी तर फोटो काढला. एवढं नाव जाहिरात देऊनही झालं नसतं.
जेवणं झाल्यावर नवरदेवाचे लंडनचे मामू माझ्याकडे आले. इंग्रजीचा माणूस म्हणून कोणी पाठवलं असणार. उष्टा हात वर धरून इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "इंड्युबिटेबली." म्हणजे निःसंशय. त्यांनी परत विचारलं, हळू. मी म्हटलं, "अनक्वेश्चनेबली." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी नुसती मान हलवली.
मामू म्हणाले, "भाईजान, हाथ कहाँ धोना है?"
बेसिनपाशी नेलं. नळ सोडला, साबण दिला. ते "थँक्यू" म्हणाले.
ते मात्र समजलं.