टाकी स्वच्छ झाली

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा! खोली मागच्या अंगणाच्या बाजूला आहे. लहान, पण स्वतंत्र. सकाळचं ऊन खिडकीतून थेट खाटेवर येतं. हिला आवडेल. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि त्यातली निम्मी आम्ही दोन गावांत काढली. या नोकरीत राहायला जागा मिळते म्हणून तर डोळे मिटून हो म्हटलं. सोळा तारखेला, रविवारी, ही सामानासकट येते आहे, कायमची. पेले दोन आणायला हवेत. अर्थात काही उपयोग नाही म्हणा, ही पाणी पिणार माझ्याच पेल्यातलं. अकरा वर्षं सांगतोय, ऐकत नाही.

बैठकीच्या खोलीत भिंतभर लांब टाकी आहे. आत समुद्राचं पाणी, खडक, प्रवाळ, सात नारिंगी मासे. मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि अजूनही समोरचा माणूस बाकावर उभा असल्यासारखं बोलतात. टाकी त्यांच्या यजमानांनी बांधली. त्यांचा फोटो टाकीच्या वरच लावलाय: गच्चीवर लोखंडी खुर्चीत बसलेले, मान मागे टाकलेली, तोंड उघडं, खदखदून हसताहेत. बाईंच्या वाट्याला असा दिलखुलास नवरा आला याचं नवल वाटलं.

प्रवाळावर मात्र बोटभर लांब हिरवं केसाळ शेवाळ माजलंय. आमच्या मत्स्यटाक्या सांभाळायच्या धंद्यात त्याला हेअर अल्गी म्हणतात. अठरा वर्षांत असल्या शेवाळाने माझ्यापुढे टिकाव धरलेला नाही.

आधीचा माणूस महिना अर्धा टाकून निघून गेला म्हणे. टाकीखालच्या कपाटात त्याने एक रबरी हातपंप तारेने बांधून ठेवलाय आणि दाराच्या आतून चिठ्ठी चिकटवलीय: नळी तोंडाने ओढू नका. मला हसूच आलं. पाणी उपसायचं तर नळीचं एक टोक टाकीत, दुसऱ्या टोकाला हलका झुरका, पाणी ओठाशी यायच्या आत अंगठा, आणि नळी बादलीत. मी शिकलो तो असाच, आणि पंप वापरणारा आम्हाला कच्चा वाटतो. बाईही म्हणाल्या की तो पंप बिघडलाय, आमचे हे नेहमी तोंडानेच ओढायचे.

आज अंदाज चुकला. घोटभर पाणी पोटात गेलं, अठरा वर्षांत पहिल्यांदा. लगेच चूळ भरली. गंमत म्हणजे पाणी खारट लागलं नाही. किंचित गोड होतं.

५ तारीख, बुधवार

दोन दिवस टूथब्रश घेऊन एकेक खडक घासला. चिमट्याने मुळापासून उपटलं, दोन बादल्या भरल्या. पाणी बदललं. पाण्यातलं शेवाळाचं खाद्य मोजलं: नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. याने हुरळून जायचं नसतं. शेवाळ आपण मोजायच्या आधीच सगळं खाऊन मोकळं झालेलं असतं, म्हणून शून्य. तरी टाकी संध्याकाळी छान दिसत होती. बाई आल्या, बघितलं आणि गेल्या. कौतुकाचा एक शब्द काढला तर जीभ झिजेल बहुधा.

८ तारीख, शनिवार

परत आलं. होतं त्याच्या दुप्पट. काल सकाळी जिथे बोट फिरवलं तर करकर वाजत होतं तिथे आज केस!

शेवाळ खाणाऱ्या बारा गोगलगायी आणून सोडल्या. तासाभरात बाराही काच चढून पाण्याच्या वर येऊन बसल्या. खाली ढकलल्या, परत वर. अशा भेकड गोगलगायी मी आयुष्यात पाहिल्या नाहीत. त्यातल्या दोन तर जमिनीवर पडून मेल्या, पण पाण्यात गेल्या नाहीत.

आणखी एक. पाण्याचा प्रवाह डावीकडून उजवीकडे आहे, तेव्हा शेवाळ उजवीकडे झुकायला हवं. ते झुकतं मी जिथे उभा असेन तिथे. चारदा जागा बदलून बघितली. मग स्वतःवरच चिडलो आणि नळी ओढून पाणी बदलायला घेतलं, तर पुन्हा घोटभर आत.

स्वयंपाकाच्या मावशींनी ताट परत नेताना विचारलं, जेवण आवडत नाही का. भूकच नाही. त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या की आधीचा माणूसही शेवटी जेवत नसे. पोट भरलंय म्हणायचा आणि दिवसभर गच्चीवर उन्हात बसायचा.

१० तारीख, सोमवार

आता शेवटचा उपाय. टाकीवर जाड काळं कापड टाकलंय, तीन दिवस. उजेड नाही म्हणजे अन्न नाही. मासे-प्रवाळ तीन दिवस सोसतात, शेवाळ सोसत नाही. हा उपाय माझ्या हातून कधी फसलेला नाही. मर म्हणावं आता उपाशी!

हिचा फोन आला. चष्म्याची काडी तुटली होती ती जोडून घेतलीय, चष्म्याशिवाय मला अक्षरही दिसत नाही आणि तुम्ही नाही तिथे वाचून दाखवायला, म्हणाली. आता असणार आहे, म्हटलं. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही.

मी स्वतः ठणठणीत आहे. खाटेवर ऊन आलं की अंगात नुसती तरतरी येते.

१३ तारीख, गुरुवार

कापड काढलं. टाकी लख्ख! खडक पांढरे, प्रवाळ उघडलेले, गोगलगायी आपणहून पाण्यात उतरल्या. एक केस नाही. मी चक्क टाळी वाजवली.

बाई टाकीकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, मागच्या वेळीही अशीच स्वच्छ झाली होती, आठ महिने टिकली. त्याआधी ह्यांच्या वेळी वर्षभर. मी विचारलं, मागच्या माणसाने काय केलं होतं. म्हणाल्या, तुम्ही केलंत तेच.

मग त्यांनी मला तोंड उघडायला सांगितलं. शाळेतल्या पोराला सांगावं तसं. आणि मी उघडलं! त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

खोलीत येऊन आरशात पाहिलं. जिभेच्या मुळाशी हिरवं आहे. टूथब्रशने घासलं. रक्त आलं, हिरवं गेलं.

१४ तारीख, शुक्रवार

परत आलंय. दुप्पट.

डॉक्टरकडे गेलो. त्याने घशात बॅटरी मारली तेव्हा आत काहीतरी उजेडाकडे वळलं, मला स्पष्ट जाणवलं. त्याला फक्त बुरशी दिसली. गुळण्यांचं औषध दिलं आणि अशक्तपणा आहे, थोडं उन्हात बसत जा म्हणाला.

पंप तपासला. बिघडलेला नाही. उत्तम चालतो.

दुपारी गच्चीवर होतो. जिना कधी चढलो ते आठवत नाही. फोटोतली लोखंडी खुर्ची तिथेच आहे, तिच्या बैठकीवर हिरवी वाळलेली चटई चिकटलीय आणि खाली पुरुषाच्या चपला आहेत. माझ्या नव्हेत. मावशींनी गदागदा हलवलं तेव्हा ऊन उतरलं होतं. मान मागे, तोंड उघडं, असे बसला होतात, म्हणाल्या. रडत होत्या. आधीचा माणूस गेला तेव्हा चपला नेल्या नव्हत्या, एवढंच सांगितलं.

खाली येऊन फोटो नीट पाहिला. यजमान हसत नाहीयेत.

हिला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. जीभ जड झालीय, शब्द नीट फुटेनात. प्यायलात का, म्हणाली. मग रागावली. येणार म्हणजे येणार, म्हणाली, आणि ठेवून दिला.

१५ तारीख, शनिवार

काल रात्रीच काळं कापड खिडकीला खिळ्यांनी ठोकलं. तीन दिवस. टाकीला जमलं तर मला जमेल. अन्न नाही, उजेड नाही. दाराच्या फटीतून रेघ येते तेवढ्यात लिहितोय.

मावशींना लिहून दिलं: ही आली तर परत पाठवा. दार उघडू देऊ नका.

घसा भरलाय. एक केस ओढून पाहिला. हातभर निघाला, पण संपला नाही.

आत वळवळतं. शोधतं. फटीकडे मान वळते, मी परत फिरवतो —

दोन घोट पाणी घेतलं. पेल्यातल्या उरलेल्या पाण्यात खाली काहीतरी हिरवं राहिलंय. उद्या फेकीन. उठवत नाही.

१६ तारीख, रविवार

सकाळ. थोडं सैल वाटतंय. मरतंय का? दीड दिवस झाला. अजून तेवढाच —

मावशींचा आवाज नाही. बाईंनी त्यांना घरी पाठवलंय वाटतं.

फाटक वाजलं. हिचा आवाज. बाई किती गोड बोलताहेत — बरं नाही हो त्यांना, कोंडून घेतलंय, जरा ऊन-वारा लागू दे, ही घ्या दुसरी किल्ली, तुम्हीच उघडा —

ओरडायला गेलो. आवाज येत नाही. तोंड भरलंय.

दार —

कापड ओढलं तिने. ऊन. देवा, किती बरं वाटतंय. तोंड आपोआप उघडतंय, मिटत नाही. ती रडतेय, काय दशा करून घेतलीत म्हणतेय. उन्हाकडे पाठ करून लिहितोय. जमेल. तेवढं जमेल —

हे तुझ्यासाठी. मोठ्या अक्षरात.

पेल्याला हात लावू नकोस. माझ्या पेल्यातलं पिऊ नकोस. आधी हे वाच.

वही तिच्यापुढे धरली. थांबा म्हणाली. चष्मा पिशवीत आहे, काढते म्हणाली. उन्हातून आलेय, घसा कोरडा पडलाय, आधी पाणी पिते, मग —