पिंपावर कोणाचं नाव

आई,

परवा संक्रांत आहे आणि मंडळाच्या पैशांचं काय करायचं ते एकदाचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. काहींनी तीही नाही. असं काही ठरलं की माणसाला स्वस्थ वाटायला हवं, मला वाटत नाही. सकाळपासून दोनदा ओटा पुसला, कपाट लावलं, पुन्हा ओटा पुसला. शेवटी स्वतःवरच वैतागून तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की काही सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार.

आमच्या कॉलनीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला वाण द्यायचं बंद केलं आहे. साबणदाण्या, प्लास्टिकचे डबे, कंगवे, सगळं या घरून त्या घरी फिरत राहायचं. मी दिलेली एक गाळणी दोन संक्रांतींनंतर माझ्याच ओटीत परत आली, तेव्हा मी जरा कडक बोलले. मग असं ठरलं की वाणाचे पैसे एकत्र ठेवायचे आणि पुरेसे जमले की कुठेतरी पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय करायची, म्हणजे पाणी शुद्ध करणारं मशीन एका खोलीत बसवून द्यायचं. नागापूरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत जन्म काढलेली बाई कॉलनीत मी एकटीच. त्यामुळे पाणी हा विषय आपोआप माझ्याकडे आला. निवृत्त झाल्यावर मी माझी भर घातली, ती इतरांपेक्षा मोठी होती. तेव्हा आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "ताई, मग मशीनच्या खोलीवर तुमच्या आईंचं नाव घालू." मी नको म्हणाले नाही. मला ते आवडलं होतं. आपल्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आजोबांचं नाही तर बाबांचं नाव होतं. तुझं नाव एकाही वाटीवर नव्हतं.

मशीन मागितलं होतं आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जतच्या पुढच्या एका गावाने. तिथे विहिरींना पाणी थोडं, तेही खारट. सरपंच फोनवर समजूतदार वाटले. पैसे द्यायच्या आधी मी जागा बघते, ही माझी सवय. मार्गशीर्षात अध्यक्षीणबाईंच्या गाडीने आम्ही दोघी गेलो, तर गाव बंद. दुकान बंद असावं तसं. दारांना कुलपं, कुलपांपुढे काटेरी फांद्या, आणि पारावर एक म्हातारा ऊन खात बसलेला.

"गाव कुठं गेलं?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"ऊस तोडाया. देवळाली प्रवरेकडं. पाडव्याच्या आसपास येत्याल."

"मग हे मशीन कोणासाठी मागितलंय?"

"त्येंच्यासाठीच की. आल्यावर पित्याल."

शेजारच्या गावात तसलं मशीन आहे म्हणाला, आणि दाखवायला आमच्यासोबत निघाला. पुढच्या सीटवर ऐटीत बसला. रस्त्यात भेटणाऱ्या शेळ्यांनासुद्धा आपण गाडीत आहोत हे कळावं अशा बेताने त्याने काच खाली केली. मशीनची खोली पक्की होती. दारावर कोणा भल्या माणसाने आपल्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं होतं, रंग अजून ताजा होता. आत कडबा रचलेला. कडब्यामागे मशीन होतं. ही मशीनं सतत चालवावी लागतात. महिनोन्‌महिने पाणी फिरलं नाही की आतला पडदा सुकतो आणि मग ते भंगार. हे मला ठाऊक होतं. गाव अर्धं वर्ष रिकामं असतं हेही मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या.

"मशीन काय वाईट न्हवतं," म्हातारा म्हणाला. "प्यायला मानूस न्हवता."

परतताना अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आपण एक माणूस नेमू, तो रोज मशीन चालू करेल. मी विचारलं, आणि ते पाणी कोण पिणार, शेळ्या? त्यांनी नगर येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला. नगर म्हणते मी अजून. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. एसटीचा कंडक्टर मात्र पूर्वीसारखंच ओरडतो, आणि आम्हीही त्याच नावाने उतरतो.

पुढच्या आठवड्यात मी एकटी एसटीने देवळाली प्रवरेला गेले. साखर कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या एका शेताच्या कडेला ते बंद गाव सापडलं. कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्या, बैल, गाड्या, चुली. पाणी कुठलं म्हणून विचारलं. शेतमालक बोअरचं देतो, पण वीज असेल तेव्हाच. एरवी चारीचं, म्हणजे शेताला कालव्याचं पाणी आणणाऱ्या त्या उघड्या पाटाचं, ज्यात वरच्या अंगाला बैल धुतात. एका कोपीपुढे निळं पिंप होतं, पूर्वी कसल्यातरी तेलाचं असावं. तिथल्या म्हातारीने मनगटापर्यंत हात बुडवून पेला भरला आणि मला पाहुणी म्हणून दिला. मी प्यायले. नाही म्हणणं शक्य नव्हतं.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी दुसरी-तिसरीत असेन. तू भाकऱ्या करते आहेस, मी खेळून येते आणि हंड्यात हात घालून फुलपात्र भरते. तू बघतेस. तवा उतरवतेस, भरलेला हंडा उचलतेस आणि सगळाच्या सगळा कढीपत्त्याच्या बुडाशी ओततेस. नळ एक दिवसाआड यायचा तेव्हा. मग चिंच लावून हंडा घासतेस आणि माझ्या हातात घागर देतेस, जा, चौकातल्या नळावरून भरून आण. मी रडत म्हटलं होतं, माझा हात स्वच्छ होता. तू म्हणालीस, "असेल. पण ते पिणाऱ्याला कसं कळणार?" पुढे प्रयोगशाळेत काचेच्या बशीत बोटांवरचे जंतू वाढलेले पाहिले तेव्हा तुझ्या बोलण्याचा अर्थ कळला. मी नव्या पोरींना तेच वाक्य ऐकवत असे, तुझं म्हणून न सांगता.

म्हातारीची सून कडेवर पोर घेऊन उभी होती. पोर वर्षाचं असेल, मान सुकलेली. दिवाळीनंतर जुलाबांनी ते हातचं जाता जाता राहिलं होतं, सलाईन लावावं लागलं. मी सरळ विचारलं, पाण्याची सोय गावात करू की इथे?

"गावातच करा बाई," म्हातारी म्हणाली. "तितं आपलं घर हाय. हितं आमी पाखरावानी, आज हाय तर उद्या न्हाई."

"घराला कुलूप हाय आत्याबाई," सून म्हणाली. "पोर हितं हाय."

"तुज्या एकटीलाच पोर हाय व्हय? गावाला पानी न्हाई म्हून धाकट्याला कुनी पोरगी दीना. त्याचं कसं करू?"

"भावजींच्या लग्नापायी माज्या पोरानं चारीचं पानी प्यावं का मग?"

"पी म्हनले का मी? उकळ की."

"सरपन तुमी आना, मी उकळते."

बाकीच्या बायका हसल्या. म्हातारीही हसली आणि मग रुसून बैलाकडे निघून गेली. मी रिकामा पेला खाली ठेवला. त्या दोघींपैकी कोणीच चुकीचं बोलत नव्हतं आणि आमचे पैसे एकाच ठिकाणी पुरणार होते.

मंडळाच्या बैठकीत मी माझं सांगितलं. मशीन नको. तोडणीला आलेल्या प्रत्येक नवरा-बायकोच्या जोडीला स्टीलचं पिंप द्यायचं, गाडीला बांधून नेता येईल एवढं, घट्ट झाकणाचं आणि खाली तोटी असलेलं, म्हणजे हात बुडवायची वेळच येणार नाही. तोडणी चालू असेपर्यंत दिवसाआड नळाच्या पाण्याचा टँकर, आणि टँकर चुकला तर पाण्यात घालायला क्लोरीनचे थेंब. गावातल्या म्हाताऱ्यांसाठी हातपंपाचा तुटलेला दांडा बदलून द्यायचा. बास.

"आणि बोर्ड?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "उसाच्या फडात बोर्ड कुठे लावायचा ताई, बैलाच्या शिंगाला?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण माझा चेहरा तसा नाही. मग एकीने सुचवलं की पिंपांवर मंडळाचं नाव घालू. दुसरी म्हणाली, कशाला, मार्चमध्ये विकून टाकतील. मी म्हटलं, जिचं पिंप तिचं नाव घालायचं. विकायचं तर तिने विकावं. गाळण्या कोणी कोणाला फिरवल्या हे मी आजवर विचारलेलं नाही.

"आणि तुमच्या आईंचं नाव? खोलीच नाही म्हटल्यावर ते कुठे घालायचं?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं. त्या टोचून बोलत नव्हत्या, खरोखर काळजीने विचारत होत्या.

"कुठेच नाही," मी म्हटलं.

निघताना चपला घालत असताना मागे कोणीतरी म्हणालं, केवढं मन आहे. तेव्हापासून हे असं चाललंय, ओटा पुसणं.

जिचं पिंप तिचं नाव, हे मला काही अचानक सुचलं नव्हतं. मी पुण्याला कॉलेजात जायला निघाले तेव्हा तू मला भांड्यांच्या दुकानात नेलंस आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या घेतलास. नाव घालणारा दारातच बसलेला. त्याने विचारलं, कोणाचं? बाबा म्हणाले, माझं घाल. तू म्हणालीस, हिचं. बाबांनी समजावलं की लग्न झाल्यावर नाव बदलेल, तांब्या वाया जाईल. तू म्हणालीस, "तोवर पाणी प्यायचंय ना तिला?" बाबांना दुकानात वाद नको होता. टिकटिक करत एकेक अक्षर उमटत होतं आणि तू वाकून बघत होतीस, काना-मात्रा नीट आहे की नाही ते. नंतर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी सरळ सांगितलं, माझा तांब्या या नावाचा आहे, दुसरं नाव नको. सासरची मंडळी अवघडली. तू खांबाजवळ उभी होतीस. तू पदर तोंडाला लावलास. हसलीस की काय केलंस ते मला दिसलं नाही.

काल मी नावं विचारायला पुन्हा कोप्यांवर गेले. बायका आधी नवऱ्यांची नावं सांगू लागल्या, मालकाचं घाला म्हणून. मी म्हटलं, पाणी कोण भरतं? मग एकेक आपलं नाव सांगू लागली, लाजत, एकमेकींना कोपराने डिवचत. सुनेने आपलं नाव ठणठणीत सांगितलं. म्हातारी शेवटपर्यंत लांब बसून होती. तिला वाटत होतं की आपण गावाच्या बाजूने बोललो, तर आपल्याला पिंप कशाला मिळेल. मी म्हटलं, तुमचंही आहे. ती उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "माज्या म्हायेरचं नाव घातलं तर चालंल का?" मी म्हटलं चालेल. तिने ते सांगितलं. छान, जुनं नाव होतं. सून बघतच राहिली. "आत्याबाई, ह्ये तुमचं नाव हाय व्हय?"

"मग कुनाचं?" म्हातारी म्हणाली.

मी परतीच्या एसटीत बसले, आणि मग माझं काही खरं नव्हतं.

पिंपांची नावं मी आज दुपारी बाजारात देऊन आले. आता यंत्राने घालतात, टिकटिक नाही. धाकट्या दिराला मुलगी कोण देणार, हे मला सुटलेलं नाही. टँकरवाला शब्द पाळेल का, पुढच्या हंगामात काय करायचं, तेही नाही. परवा हळदीकुंकवाला नवीन कोणी विचारलंच, की आईचं नाव का नाही घातलं, तर मी तत्त्वाची गोष्ट सांगेन आणि सगळ्यांना ती पटेल. पण मशीनची खोली उभी राहिली असती तर मी तिच्यावर तुझं रेशनकार्डावरचं नाव घातलं असतं, म्हणजे तुझ्या ताटातल्या तांदळावर कोणीतरी लिहिलेलं. त्याआधीचं, माहेरचं, मला माहीत नाही. मामा तुला ताई म्हणायचे, बाबा अगं म्हणायचे, आणि मी कधी विचारलं नाही. आता सांगणारंही कोणी उरलेलं नाही. हे पत्र मी पाठवणार नाहीच, पण पाठवायचं ठरवलं असतं तरी पाकिटावर काय लिहायचं तिथेच अडले असते. सुरुवातीला आई एवढंच लिहिलंय. मला तेवढंच येतं.