न विचारता घेतलेलं वाक्य

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंद्याने संवादलेखक, आता निवृत्त, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. स्मरणशक्तीचं त्यांनी विचारलं नाही. ती जरा कमी असती तर यातली अर्धी कलमं लागलीच नसती. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं चिरंजीवांच्या नावे होतं.

कलम १. राहती जागा, दोन खोल्या व स्वयंपाकघर, चिरंजीव आणि सूनबाई यांना समसमान. रागाच्या भरात बाप पोराची बॅग जिन्यावरून फेकतो, हे चिरंजीव लिहितात त्या टीव्ही मालिकेत महिन्याआड होतं. आमच्या घरात तसं होत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक सूनबाईंना. त्या शाळेत भूगोल शिकवतात आणि घरी आल्यावर कोणाला काही शिकवत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण आहे.

कलम ३. ग्लिसरीनची एक बाटली, सीलबंद. आमच्या जुन्या मालिकेच्या पहिल्याच दिवशी वाहिनीच्या साहेबांनी ती सेटवर पाठवली होती. "थोडं रडवा हो बायकांना," असा निरोपही होता. बाटली कोणी उघडली नाही. मालिकेतल्या बायकोचं काम माझीच बायको करायची. घरचे धुऊन विटलेले कपडे घालून ती यायची आणि चेहऱ्याला काही लावू द्यायची नाही. एका अख्ख्या भागात नुसता गळका नळ दुरुस्त होतो. लोकांनी तो श्वास रोखून पाहिला. आमचं सगळंच चांगलं होतं असं नाही. पात्रं इतकं हळू बोलायची की टीव्ही बिघडला समजून लोक त्याला थापटायचे. ही बाटली चिरंजीवांना द्यावी. त्यांच्याकडे रोज लागते.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. त्या मालिकेच्या संहितेचे सर्व हक्क सूनबाईंना. चिरंजीवांना नाहीत. त्यांना ही मालिका नव्याने काढायची आहे. वाहिनी तयार आहे, कागद तयार आहेत, फक्त माझी सही बाकी आहे. ती मिळणार नाही. का मिळणार नाही, ते वकिलांनी थोडक्यात लिहा म्हणून सांगितलं आहे, पण थोडक्यात लिहायचं वय गेलं.

आमच्या घरात एक रीत होती. घरातल्या कोणाच्या तोंडचं वाक्य मला संहितेत घ्यायचं असेल तर आधी त्या माणसाला विचारायचं. नाही म्हटलं की नाही. सासूबाईंनी एक वाक्य दिलं, ते मालिकेतली सासू त्यांच्याहून बारीक दाखवायची या अटीवर. बायको बहुतेक वेळा हो म्हणायची. एकदा मात्र भांडणातलं तिचं वाक्य मी लिहून काढलं, तेव्हा म्हणाली, "हे माझं आहे. पडद्यावर नाही जायचं." मी पान तिच्यासमोर फाडलं. चिरंजीव तेव्हा तिथेच गृहपाठ करत बसले होते. रीत त्यांना ठाऊक नव्हती असं कोणी म्हणू नये.

बायको गेली ती दुपारी, दवाखान्यात. मी खुर्चीवर होतो. तिने डोळे उघडले, खाली बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुमच्या चपला पलंगाखाली सरकल्यात. निघताना शोधत बसाल." एवढंच. पुन्हा बोलली नाही. हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं. दवाखान्याच्या जिन्यावर बसून, मुलाला. माझ्या पाठीवर हात ठेवून तो हमसून रडला आणि ते रडणं खरं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

वर्षही झालं नसेल. मी आणि सूनबाई जेवता जेवता चिरंजीवांची मालिका बघत होतो. मालिकेतली थोरली बाई दागिन्यांनिशी मरणाला टेकलेली. नवरा शेजारी उभा. आणि ती म्हणाली, "अहो, तुमच्या चपला..." चपला जरीच्या होत्या. त्यांच्यावर कॅमेरा गेला, मग ढगांचा गडगडाट, मग साऱ्या नातेवाइकांचे चेहरे एकेक करून, पुन्हा चपला, आणि तेच वाक्य आणखी दोनदा. सूनबाईंनी उठून टीव्ही बंद केला. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

चिरंजीव आल्यावर मी विचारलं, "आईला विचारलं होतंस?"

"बाबा, आईला कसं विचारणार?"

"मग झालं. विचारता येत नाही, म्हणजे घ्यायचं नाही."

"तुमच्या वेळी लोक समोर बसून बघायचे हो. आता टीव्हीकडे पाठ करून भांडी घासत असतात. तीनदा सांगितल्याशिवाय पोचत नाही."

"म्हणून तिला तीनदा मारलीस?"

तो म्हणाला, "अख्ख्या मालिकेत तेवढं एकच वाक्य खरं होतं, बाबा."

ते मलाही कळत होतं. त्याचंच तर दुखणं आहे. रोज दोन डझन खोटी वाक्यं पाडणाऱ्या माझ्या मुलाला खरं कुठलं हे अचूक ओळखता येतं, आणि त्याने ते ओळखूनच उचललं.

पुढच्या आठवड्यात प्रेक्षक वाढले म्हणून ती थोरली बाई शुद्धीवर आली. सरणाच्या तयारीतून उठून बसली आणि तिने त्याच चपला धाकट्या सुनेला फेकून मारल्या. माझी बायको काही उठली नाही.

कलम ५. सूनबाईंना वाटल्यास त्यांनी मालिका कोणालाही काढू द्यावी, नवऱ्यालासुद्धा. जो काढील त्याने आमची रीत पाळावी. ते त्यांच्या विवेकावर सोडतो. पुरुषमाणसांवर माझा विश्वास उरलेला नाही.

कलम ६. आमचे जुने कॅमेरामन, ज्यांना सेटवर सगळे 'काळोखे' म्हणत कारण ते दुसरा दिवा लावू देत नसत, त्यांना माझं घड्याळ द्यायचं मनात होतं. पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणतात. त्यांनी आज सही करायच्या आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला, यावरून प्रकृती ठीक दिसते.

कलम ७. शेवटच्या आजारात चिरंजीवांना माझ्या खोलीत येऊ देऊ नये, असं मी आधी लिहिलं होतं. वकिलांनी ते टाइप करूनही आणलं. मी ते खोडायला लावलं. त्याने यावं. रोज यावं, उशाशी बसावं. एकुलता एक मुलगा आहे, मला त्याचा चेहरा बघायचा आहे. पण मी त्याच्यासमोर बोलणार नाही. पाणी हवं असेल तर खूण करीन. काही सांगायचं असलंच तर ते सूनबाईंना, तो बाहेर गेल्यावर. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली, आणि पोटच्या पोरासमोर मला तोंड मिटून मरावं लागणार, याचं मला फार वाईट वाटतं.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार पहिले: (सही) कॅमेरामन, निवृत्त
साक्षीदार दुसऱ्या: (सही) समोरच्या दारातल्या दंतवैद्य

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: आजचा, रविवार, आकडा वकिलांनी शिक्क्यासह घालावा