आडव्या काड्या

४ जुलै

मामंजींनी आज मलाच विचारलं, "अहो बाई, तुम्ही कुणाच्या?"

तुमच्या मुलाची बायको, म्हटलं.

"बरं बरं. तो आला की सांगतो त्याला."

तो कुठून येतोय! वसंतात वरच्या रानात भुईमुगाचे वाफे करता करता योंगल्यांग कापराच्या झाडाखाली जरा टेकला, तो उठलाच नाही. दुपारची वेळ होती. मामंजींना तेव्हा सांगितलं होतं, परत परत सांगितलं. आता सांगत नाही. भांडी घासून टाकली.

६ जुलै

खुरपणी. ऊन. लिहिण्यासारखं काही नाही.

९ जुलै

मामंजी सगळं विसरले, पण ती कविता नाही विसरले! इथल्या प्रत्येक पोराला येते ती. शेतकऱ्याची भर दुपार, त्याचा घाम, वाडग्यातल्या एकेका शितामागचे कष्ट. हजार वर्षांची जुनी, चारच ओळी. मामंजी जेवायला बसले की पहिल्यांदा ती म्हणतात.

मी नवी नवरी होते तेव्हा शीत राहिलं की माझ्या वाडग्यावर जेवायची काडी वाजवायचे — टक टक! "जितकी शितं टाकशील तितके देवीचे व्रण नवऱ्याच्या तोंडावर!" मी एकदा म्हटलं, नवरा तर तुमचाच मुलगा, तोंड बघूनच केलाय. मामंजी केवढे हसले होते. योंगल्यांग तर घास अडकून खोकत बसला. हे सगळं नीट आठवतं. आठवून होत मात्र काहीच नाही.

त्यांचा दुपारचा भात झाकून ठेवते आणि रानात जाते. आल्यावर बघते तर भात नाही आणि कधी कधी वाडगंही नाही. कुठं टाकून येतात कोण जाणे. आणि माणूस वाळतच चाललाय.

१० जुलै

गुई काकू शेजारून ओरडली, "अगं, भर दुपारी कोण खुरपतं? सकाळी जा की!" मामंजी पूर्वी सांगायचे तेच मी तिला सांगितलं — सकाळी काढलेलं तण दवावर पुन्हा धरतं, दुपारी काढलेलं संध्याकाळपर्यंत मरतं. खरं आहे ते. पण माझं कारण वेगळं आहे. दुपारी वाटेवर कुणी नसतं. "कशी आहेस" म्हणून कुणी विचारत नाही.

वरच्या वाटेनं जाते, वरच्याच वाटेनं येते. खालच्या वाटेवर ते झाड आहे.

१३ जुलै

योंगल्यांग गेल्याचा शंभरावा दिवस. नणंद आली नानछांग शहरातून, फेंगच्याओ, लेकीला घेऊन. फोटोपुढं भाताचं वाडगं ठेवलं, त्यात काड्या उभ्या खोचल्या. मग आम्ही जेवायला बसलो. पोरीनं ते बघून आपल्याही भातात काड्या खोचल्या. फेंगच्याओनं फाडकन हातावर मारलं. "मेलेल्यांचं जेवण आहे का हे! काड्या आडव्या ठेव!" पोर रडली. मग फेंगच्याओ रडली. सगळेच रडले. मी बघत होते.

जाताना मला बाजूला घेतलं. "वहिनी, बाबांची हाडं दिसायला लागलीत. जेवायला देतेस ना?"

देते, म्हटलं.

"मग जातं कुठं? मी बावीस तारखेला त्यांना घेऊन जाते. आमच्याकडे चांगला वृद्धाश्रम आहे. तुलाही मोकळीक."

ने, म्हटलं. भांडायला हवं होतं का? भांडण येईना.

१५ जुलै

त्यांचे दोन सदरे धुतले. बटण लावलं.

१७ जुलै

गुई काकू — "तुझा सासरा रोज दुपारी वाडगं घेऊन वर कुठं जातो गं? धाप लागते, बसतो, पुन्हा चढतो. आणि तू ही विजार दोरीनं काय बांधलीस? वाऱ्यानं उडून जाशील एक दिवस!"

भूक नसते काकू, म्हटलं.

१८ जुलै

खालच्या वाटेनं गेले. वसंतानंतर पहिल्यांदा.

कापराच्या झाडाखाली आमची वाडगी! दोन रिकामी, पाखरांनी साफ केलेली. एक आजचं. भात, वर शेंगा, अर्धं अंडं, आणि त्यावर आडव्या ठेवलेल्या काड्या. मुंग्या लागलेल्या.

म्हणजे मुलाला जेवण पोचवतात. आपण उपाशी राहून. मला ओळखत नाहीत, पण तो कुठं पडला ते ठाऊक आहे. वाटलं, आता तरी रडू येईल. थांबले थोडा वेळ. आलं नाही. वाडगी घरी आणून घासली.

२० जुलै

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काड्या आडव्या होत्या. खोचलेल्या नव्हत्या.

मेलेल्याला कुणी असं वाढत नाही. विसरले असतील. पण कविता विसरत नाहीत, आणि हे विसरतील?

परवा जातीलच. काय करायचंय मला.

२१ जुलै

आज खुरपलं नाही. झाडाखाली बसून राहिले. मामंजी आले. दोन्ही हातांत वाडगं धरून, घामानं निथळत.

कुणासाठी आणलंत, म्हटलं.

"हळू बोला हो! वर रानात एक बाई आहे. भर उन्हात एकटीच खुरपते. तिला कुणी जेवण आणत नाही. माझ्या घरी एक बाई आहेत, त्या मला भरपूर वाढतात. त्यातलंच आणतो. पण ती खाली येतच नाही. लाजते वाटतं. तुम्ही ओळखता तिला?"

ओळखते, म्हटलं. द्या, मी देते तिला.

"ती खाईल ना?"

त्यांच्या समोरच खायला लागले. त्यांना काही चुकीचं वाटलं नाही. तळाशी दोन शितं राहिली, तर वाकून बोटानं वाडग्यावर — टक टक!

तिथूनच फेंगच्याओला फोन लावला. उद्या येऊ नकोस.

"वहिनी, नीट ऐकू येत नाही. रडतेयस का? तोंडात काय आहे तुझ्या?"

भात, म्हटलं.